सेनासाहेबसुभा रघूजी भोसले आणि त्यांची फिरंग

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासताना त्या माइल्ड स्टीलच्या तुकड्याला आपण सगळ्यांनीच मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. काटकोन काही केल्या जुळत नाही, सर ट्रायस्क्वेअर लावून जॉब उजेडाकडे धरतात, फटीतून प्रकाश दिसला की संपलं! परत घासा. दोन इंची तुकडा सरळ करताना जिथे आपली ही गत, तिथे तीन फूट लांबीचं पातं हातोडा आणि भट्टी एवढ्याच भांडवलावर घडवणाऱ्या माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. ना थर्मोकपल, ना हार्डनेस टेस्टर. लोखंडाचा रंग बघायचा आणि ठरवायचं.

हे सुचायचं कारण म्हणजे २०२५ साली पेपरातून गाजलेली एक तलवार. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोदबीज या संस्थेचा लिलाव झाला. त्यात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार होती. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती विकत घेतली. वाहतूक, विमा वगैरे धरून साधारण ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. ऑगस्टमध्ये ताबा मिळाला आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. पातं सरळ, एकाच बाजूला धार असलेलं आणि युरोपात बनलेलं. मूठ मात्र आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची, सोन्याची नक्षी असलेली आणि हिरव्या कापडाने गुंडाळलेली. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याने देवनागरी अक्षरं कोरलेली आहेत. त्यात रघूजींचं नाव आहे, सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब आहे आणि शेवटी त्या हत्याराचंच नाव आहे : फिरंग.

फिरंग म्हणजे फिरंग्यांकडून आलेली. इतकं सरळ नाव दुसऱ्या कुठल्या हत्याराला असेल असं वाटत नाही. आणि फिरंगी म्हटलं की आपल्या वसईकरांना लांब जायला नको. एव्हरशाईन सिटीतून शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचं, पूल ओलांडून पश्चिमेला जायचं आणि बस पकडून किल्ला. (सबमिशन संपल्यावर आपण तिथे फक्त फोटो काढायला जातो ही गोष्ट वेगळी.) १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षं गोवा, चौल, वसई अशा बंदरांत युरोपातली जहाजं लागत होती. त्यांतून येणाऱ्या मालात तलवारींची नुसती पाती असत. मूठ नाही, म्यान नाही, फक्त पाती. ती देशावर जायची आणि आपले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवायचे. शिवाजी महाराजांनाही कोकणातल्या मोहिमेत सावंतांकडून अशीच एक फिरंग मिळाली आणि तिच्यासाठी त्यांनी ३०० होन दिले, असं सांगतात.

आता हा रघूजी भोसले कोण, हे आपल्यातल्या नागपूर-अमरावतीकडच्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो.

हे भोसले मूळचे हिंगणी-बेरडीचे, म्हणून त्यांना हिंगणीकर भोसले म्हणतात. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. तेव्हा हा खरा शाहू की तोतया अशी कुजबुज सुरू झाली. त्या वेळी या घराण्यातले परसोजी भोसले शाहूंच्या बरोबर एका ताटात जेवले आणि सगळ्यांच्या शंका मिटल्या, अशी कथा आहे. मोबदल्यात वऱ्हाडची कामगिरी आणि सेनासाहेबसुभा हा किताब घराण्यात आला. परसोजींच्या मागे त्यांचा मुलगा कान्होजी. त्याची गादी आजच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या भाम या गावी होती.

रघूजी हे कान्होजींच्या भावकीतले, बिंबाजी भोसल्यांचे चिरंजीव. जन्म १६९५ च्या सुमाराचा, वाईजवळच्या पांडववाडीचा. बिंबाजींना मूल जगत नव्हतं. गावातल्या रामाजीपंत कोल्हटकर नावाच्या रामभक्ताने आशीर्वाद दिला आणि म्हणून मुलाचं नाव रघूजी ठेवलं, असं सांगतात. हे कोल्हटकरांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कान्होजींना मूलबाळ नव्हतं म्हणून रघूजी त्यांच्याकडे वाढले. घरचा वारस असल्यासारखेच. मग कान्होजींना मुलगा झाला आणि रघूजींची किंमत एका रात्रीत उतरली. भांडण झालं, ते बाहेर पडले. काही दिवस देवगडच्या गोंड राजाकडे म्हणजे चांद सुलतानाकडे, काही दिवस एलिचपूरच्या नबाबाकडे आणि शेवटी साताऱ्याला शाहू महाराजांकडे. थोडक्यात, बायोडाटा घेऊन फिरणं! शिकारीत वाघाच्या तावडीतून त्यांनी महाराजांना वाचवलं अशीही गोष्ट आहे. ते काहीही असो, महाराजांची मर्जी बसली ती कायमची. राणीच्या नात्यातल्या शिर्के घराण्यातल्या मुलीशी त्यांचं लग्न लावून दिलं. पुढे कान्होजी हुकूम मानेनासे झाले, हिशेब देईनात, तेव्हा त्यांना पकडून आणायची कामगिरी महाराजांनी नेमकी रघूजींवर सोपवली. ज्याच्या घरी वाढले त्याच चुलत्यावर चालून जायचं. रघूजी गेले. वणीजवळ मंदर येथे कान्होजी हाती लागले आणि त्यांचं उरलेलं आयुष्य साताऱ्याच्या कैदेत गेलं. १७३० च्या आसपासची ही गोष्ट. सेनासाहेबसुभा हा किताब आता रघूजींचा झाला. म्हणजे तलवारीवर सोन्यात चमकणारा तो शब्द त्यांनी असा मिळवला होता. इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ असते, पण त्या कैदखान्यातल्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल हे एकदा मनात आणून बघा.

आता थोडं मेटलर्जीकडे वळू. (सिव्हिलवाल्यांनी हा भाग गाळला तरी चालेल.)

सोळाव्या-सतराव्या शतकात तलवारीच्या पात्यासाठी जगात नाव होतं ते स्पेनमधल्या टोलेदो शहराचं. तागुस नदीच्या काठचं हे गाव. नदीच्या पाण्यात काहीतरी जादू आहे म्हणून तिथली पाती तशी होतात, असं लोक म्हणायचे. जादू वगैरे काही नाही. खरी खुबी पात्याच्या पोटात होती. पोलादाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, मधे नरम लोखंडाची पट्टी घालायची आणि भट्टीत लाल-पांढरं करून हातोड्याने एकजीव करायची. या मधल्या लोखंडाला तिथे पात्याचा आत्मा म्हणत. बाहेरचं पोलाद कडक होऊन धार धरतं, आतलं नरम लोखंड धक्का खातं. मग पाणी देणं, म्हणजे क्वेंचिंग, आणि नंतर परत हलकं तापवून टेंपरिंग. तापमान ओळखायचं ते लोखंडाच्या रंगावरून. उजेडात रंग नीट कळत नाही म्हणून ही कामं अंधाऱ्या खोलीत करत. तयार पातं वाकवून बघायचं, सोडल्यावर सरळ झालं पाहिजे. मग लोखंडी शिरस्त्राणावर जोरात हाणायचं. तुटलं तर भट्टीत, टिकलं तर वर उस्तादाचा शिक्का. आपल्या व्हायवापेक्षा ही परीक्षा नक्कीच कडक होती.

पात्याच्या मधून एक लांब खोलगट नळी गेलेली असते ती आपण सगळ्यांनी पाहिली असेल. ती रक्त वाहून जायला असते असं लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं. साफ खोटं! ते आपल्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियलचं गणित आहे. आय सेक्शनच्या बीममध्ये जसं मधलं मटेरियल कमी करतो तसंच. वजन उतरतं, पण ताठपणा फारसा कमी होत नाही. शिवाय पातं मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं. जाडी निम्मी झाली की वाकायला होणारा विरोध एक-अष्टमांश होतो, त्यामुळे टोक लवतं आणि मुठीकडचा भाग ताठ राहतो. वजनाचा तोलही मुठीजवळ येतो आणि मनगट भरून येत नाही. आणखी एक गंमत. पातं किती सहज वाकेल हे जाडी आणि आकारावर ठरतं, टेंपरिंगचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. टेंपरिंगवर ठरतं ते वाकून परत सरळ होणार की तसंच वाकडं राहणार की मोडणार. यंग्स मॉड्युलस आणि यील्ड स्ट्रेंग्थ यांतला फरक ज्यांना अजून कळला नसेल त्यांनी तलवार डोळ्यांसमोर आणावी.

मग प्रश्न पडतो, आपल्याकडे पोलाद नव्हतं का? होतं, आणि जगात नावाजलेलं होतं. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मातीच्या मुशीत लोखंड वितळवून त्याच्या वड्या पाडत. इराणी व्यापारी त्या विकत घ्यायला तिथवर येत. उक्कू या कानडी-तेलुगू शब्दावरून इंग्रजांनी त्याला वूट्झ असं नाव दिलं. त्यात कार्बन खूप, दीड टक्क्याच्या आसपास. धार अप्रतिम, पण आडवा फटका बसला तर मोडायची भीती. युरोपातलं पातं धारेला थोडं कमी पण लवचिक. घोडेस्वाराला लांब, सरळ, हलकं आणि न मोडणारं पातं हवं होतं. म्हणून मराठ्यांनी घरचं पोलाद असताना परक्याचं पातं घेतलं, आणि दांडपट्ट्यालाही पुष्कळदा तेच लावलं. उगाच आपलं ते सगळंच श्रेष्ठ असा अट्टहास त्या लोकांनी धरला नाही, हे मला आवडतं.

अर्थात फसवणूकही होती. सतराव्या शतकाच्या शेवटी टोलेदोचा धंदा बसत आला आणि जर्मनीतल्या सोलिंगेन गावचे कारागीर पुढे आले. ते आपल्या पात्यांवर बेधडक टोलेदोच्या उस्तादांची नावं ठोकत! सहागुन, तोमास दे आयाला, नाहीतर इटलीचा आंद्रेआ फेरारा. आपल्याकडच्या फिरंगांवरही अशी नावं आणि शिक्के सापडतात. म्हणजे डुप्लिकेट मालाचा इतिहास आपल्या लॅमिंग्टन रोडपेक्षा बराच जुना आहे. म्हणूनच रघूजींच्या तलवारीचं पातं टोलेदोचंच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ते युरोपचं आहे एवढं पुरेसं आहे.

मुठीचं काम इथलं. हात झाकणारी वाटीसारखी बंद मूठ, बोटांवरून खाली येणारी परज, आणि मुठीच्या वरच्या टोकाला बाहेर निघालेला लोखंडी दांडा. दुसरा हात त्या दांड्यावर ठेवून दोन्ही हातांनी घाव घालता येतो. पात्याचा मागचा अरुंद भाग मुठीच्या पोकळीत घालून गरम लाखेने पक्का करत. मुठीतून खाली आलेल्या दोन पट्ट्या पात्याला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारख्या धरतात आणि रिव्हेट मारून बसवलेल्या असतात. आत कापसाची किंवा कापडाची गादी, म्हणजे हाताला हिसका बसत नाही. सोन्याच्या नक्षीसाठी आधी पोलादावर टोकदार हत्याराने बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून पृष्ठभाग खरखरीत करत, मग सोन्याची तार त्यावर ठोकून बसवत. याला कोफ्तगरी म्हणतात. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनंतरही रघूजींचं नाव वाचता येतं ते यामुळे.

असो. परत रघूजींकडे येऊ.

१७४० साली शाहू महाराजांनी रघूजींना आणि अक्कलकोटच्या फत्तेसिंग भोसल्यांना कर्नाटकात पाठवलं. मे महिन्यात दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नबाब दोस्तअली याच्याशी लढाई झाली, तो तिथेच मारला गेला. त्याआधी एप्रिलमध्ये बाजीराव पेशवे रावेरखेडीला वारले होते. पेशवेपद कुणाला यावरून साताऱ्यात खलबतं सुरू झाली, तेव्हा रघूजी मोहीम तशीच ठेवून धावत साताऱ्याला आले. बाजीरावांचा मुलगा बाळाजी म्हणजे नानासाहेब पेशवा होऊ नये, बाबूजी नाईक बारामतीकरांना पद मिळावं म्हणून त्यांनी जोर लावला. जमलं नाही. हात हलवत परत कर्नाटकात गेले आणि मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेतली. चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला आला आणि त्रिचनापल्लीवर मुरारराव घोरपडे बसले.

या मोहिमेतली एक गोष्ट फ्रेंच लोक फार रंगवून सांगतात. नबाबाची आणि चंदासाहेबाची बायकामुलं पाँडिचेरीला फ्रेंच गव्हर्नर द्युमाकडे आश्रयाला गेली होती. ती ताब्यात द्या आणि खंडणी द्या, असा रघूजींचा निरोप गेला. द्युमाने नकार दिला, पण सोबत फ्रेंच मद्याच्या काही बाटल्या भेट पाठवल्या. रघूजींच्या पत्नीला ते पेय इतकं आवडलं की आणखी हवं म्हणून मागणी सुरू झाली. आणखी बाटल्या आल्या आणि पाँडिचेरीवरचं संकट टळलं! यात मीठमसाला किती हे फ्रेंचांनाच ठाऊक. किल्ल्याची तटबंदी आणि तोफाही रघूजींच्या माणसांनी बघितल्या होत्याच, आणि मला वाटतं खरं कारण ते असावं.

आता बंगाल. हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात अवघड प्रकरण.

रामाजीपंत कोल्हटकरांचा मुलगा भास्करराम हा रघूजींचा दिवाण आणि उजवा हात. १७४२ साली तो मोठं घोडदळ घेऊन बंगालमध्ये उतरला. तिथे अलीवर्दीखान नुकताच आधीच्या नबाबाला मारून गादीवर बसला होता. बरद्वानजवळ मराठ्यांनी त्याला घेरलं, मग मुर्शिदाबादवर झडप घालून जगत सेठाची पेढी लुटली. पश्चिम बंगालचा मोठा मुलूख काही महिने मराठ्यांच्या ताब्यात होता. भास्कररामाने काटव्याला थाटामाटात दुर्गापूजा मांडली आणि त्याच उत्सवात बेसावध असताना सप्टेंबरमध्ये अलीवर्दीने नदी ओलांडून छापा घातला. १७४३ मध्ये स्वतः रघूजी गेले. पण त्याच वेळी नानासाहेब पेशवेही बंगालमध्ये आले, आणि ते आले ते रघूजींना हाकलायला! अलीवर्दीने पेशव्यांना २२ लाख रुपये मोजले. दोन मराठी सेना परक्या मुलखात एकमेकींच्या मागे लागल्या. शेवटी शाहू महाराजांनी दोघांना बोलावून ऑगस्ट १७४३ मध्ये वाटणी करून दिली आणि बंगाल-ओडिशाकडचा भाग रघूजींकडे आला.

३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे अलीवर्दीखानाने तहाच्या बोलण्यासाठी म्हणून भास्कररामाला तंबूत बोलावलं आणि बरोबरच्या २१ सरदारांसह कापून काढलं. वडिलांच्या आशीर्वादाने ज्यांचं नाव पडलं त्यांच्यासाठी मुलगा गेला. १७४५ मध्ये रघूजी स्वतः चालून गेले, कटक घेतलं, बंगालमध्ये घुसले, काटव्याजवळ मारही खाल्ला. मोहिमा चालूच राहिल्या. अखेर १७५१ मध्ये तह झाला. ओडिशा व्यवहारात भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथाई म्हणून वर्षाला १२ लाख रुपये ठरले. सुवर्णरेखा नदी ही हद्द. ओडिशात मराठ्यांचा अंमल १८०३ पर्यंत टिकला. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोर उभा राहिला तो याच मराठा अमलात.

इथवर वाचून छाती फुगली असेल तर पुढचंही वाचा. आमच्या हॉस्टेलवर एक बंगाली मित्र आहे. फिरंगेची बातमी मी त्याला कौतुकाने दाखवली तर तो म्हणाला की त्याची आजी त्याला बर्गी येतील म्हणून झोपवायची. बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारी असतं तो स्वार. तिकडच्या घराघरांत अंगाईगीतातला बागुलबुवा म्हणजे मराठा घोडेस्वार! मला हे माहीतच नव्हतं. मग लायब्ररीत बसून वाचलं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात महाराष्ट्र पुराण म्हणून काव्य रचलं. त्यात गावं जाळणं, बायकांवरचे अत्याचार, पैशासाठी हातपाय तोडणं, सगळं आहे. कलकत्त्याला इंग्रजांनी आणि तिथल्या रहिवाशांनी घाबरून १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला मराठा डिच म्हणत. पुढे तो बुजवून झालेल्या रस्त्याचा काही भाग म्हणजे आजचा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. म्हणजे ज्या पात्याच्या लवचिकपणावर मी वर दोन पानं लिहिली, तसली पाती तिकडच्या कोष्ट्याने आणि शेतकऱ्याने पाहिली ती अशी. तलवार आपली म्हणायची तर हेही आपलंच म्हणावं लागेल. अंगाईगीत आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं, इतकंच.

नागपूरची बाजू वेगळी आहे. १७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला, गादीवरून भांडणं लागली. त्याची विधवा राणी रतनकुंवर हिने मदतीला बोलावलं ते रघूजींना. त्यांनी गोंड राजपुत्रांना गादी मिळवून दिली, मोबदला घेतला आणि परत गेले. पुढे भावाभावांत पुन्हा जुंपली, रघूजी पुन्हा आले आणि या वेळी राहिले. गोंड राजाचा मान आणि नाव त्यांनी राखलं, कारभार मात्र स्वतःकडे घेतला. भामहून गादी नागपूरला आली. वऱ्हाड, गोंडवन, छत्तीसगड, ओडिशा असा पट्टा तयार झाला. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले. पेशव्यांशी आयुष्यभर स्पर्धा करणारे रघूजी नंतर त्यांच्याशी जुळवून घेऊन राहिले. १४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं. मागे जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी असे चार मुलगे. वारशावरून भांडण झालं, हे सांगायलाच नको.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. तलवार बहुधा तेव्हाच्या लुटीत किंवा नंतर नजराणा म्हणून बाहेर गेली असावी, असा अंदाज आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी औरस पुत्राशिवाय वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातले जडजवाहीर गाड्या भरून नेले आणि त्यांचा लिलाव झाला तो कलकत्त्यात. ज्या शहराने भोसल्यांच्या भीतीने खंदक खणला, त्याच शहरात.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीत ती फिरंग लोकांना बघायला ठेवली होती तेव्हा आम्ही चौघे वसई रोडवरून लोकल पकडून गेलो. बंगाली मित्रही होता. काचेपलीकडे ती वाटली त्यापेक्षा साधी निघाली. पातं अजून सरळ आहे, नळी स्वच्छ दिसते, मुठीजवळची सोन्याची अक्षरं वाकून पाहिलं तर वाचता येतात. मित्राला देवनागरी सावकाश वाचता येतं. त्याने नाव वाचलं, किताब वाचला, शेवटचा शब्द मला विचारला. मग आजीला पाठवायला म्हणून एक फोटो काढला.